जावयाच्या बोटाचा एक थेंब

वाशीमला जाते म्हटल्यावर आमच्या सांगलीच्या भिशीतल्या बायकांनी एकसुरात विचारलं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" मला तरी कुठे ठाऊक होतं? माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी वर्षा लग्न होऊन तिकडे गेली, त्याला बारा वर्षं झाली. ती एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि तपासणीनंतर माणसांशी बोलायचं, हे तिचं काम. मी चौतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बहुतेक बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ती 'मावशी, ये' म्हणत होती आणि मी 'बघू' म्हणत होते. यंदा ती फोनवर म्हणाली, "अधिक महिन्यात ये. या महिन्यात माझे सगळे जावई गावात असतात."

तिला स्वतःला एकच मुलगा, तोही सहावीत. हे जावई कुठले, ते मला तिथे गेल्यावर कळलं.

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला धक्का बसायला नको. माणसांची नावं बदलली आहेत. दवाखान्याचं आणि खेड्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांची ही हकीकत आहे त्या नवराबायकोला विचारूनच लिहिते आहे.

वाशीम

गाडीतून उतरले तर ऊन असं की स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या सीटवर बसवेना. वर्षा स्कूटीवर आली होती. डोक्याला आणि तोंडाला ओढणी इतकी घट्ट बांधलेली की हाक मारेपर्यंत मी तिला ओळखलं नाही. आमच्या सांगलीत उन्हाळा म्हणजे दुपारी पंखा वाढवायचा. इथे माणसं सकाळी अकराला दारं लावून कूलरपुढे बसतात आणि पाच वाजता पुन्हा उगवतात. तिने वाटेत थांबून मला पोहे खायला घातले, वर लालभडक तर्री ओतलेली. डोळ्यांत पाणी आलं, पण मागून आणखी एक वाटी तर्री घेतली.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही बसलो आणि वर्षाने आपलं दुखणं सांगितलं. गरोदर बाई दवाखान्यात आली की तिची एचआयव्हीची तपासणी होते. तिला हात पुढे कर म्हटलं की ती करते, कारण तिला आयुष्यभर तेच शिकवलंय. नवऱ्याची मात्र होत नाही. तो कामाला पुण्याला, सुरतेला, नाहीतर साखर कारखान्याच्या फडावर. बाई निगेटिव्ह आली की सगळे निश्चिंत. पण पोटात बाळ असताना किंवा अंगावर पाजत असताना तिला नवऱ्याकडून लागण झाली, तर नव्या लागणीत विषाणूचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि बाळाला धोकाही सगळ्यात मोठा. आणि कार्डावर मात्र तिसऱ्या महिन्यातलं 'निगेटिव्ह' तसंच.

"मग नवऱ्यांना पकडायचं कधी?" मी विचारलं.

"धोंड्याला," ती म्हणाली.

अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायची रीत आपल्याकडेही आहे. आम्ही तेहेतीस अनारसे देतो आणि मोकळे होतो. इकडे हे फार मनावर घेतात. जावई कुठेही असो, रजा टाकून सासुरवाडीला येतो. यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला, म्हणजे फडावरून परतलेलेही घरीच. वर्षभर न सापडणारे पुरुष या तीस दिवसांत गावोगाव पाटावर बसलेले असतात. वर्षाने गावोगावच्या आशा सेविकांकडून कुणाकडे कोणत्या दिवशी धोंडा आहे याची यादीच करून घेतली होती. सरकारने हिला काय द्यावं ते द्यावं, मी मनातून तिला शाबासकी दिली.

दवाखाना

दुसऱ्या दिवशी गरोदर बायकांचा वार होता. व्हरांड्यात बायका भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. पंखा एक, तोही आपल्यापुरता फिरणारा. मी वर्षाच्या टेबलाजवळ बसून तिचं रजिस्टर चाळलं. एका रकान्यात 'पतीची तपासणी' असं छापलंय आणि त्याखाली पानंच्या पानं एकच शब्द, 'बाहेरगावी'. मधूनच कुठेतरी 'नकार'. मला इतका संताप आला की मी ते रजिस्टर आपटलंच. समोरची बाई दचकली, तिची माफी मागितली. मूल दोघांचं, आजार बहुधा एकाने आणलेला, आणि सुई मात्र जिच्या पोटात बाळ आहे तिलाच. एखादीचं पॉझिटिव्ह आलं की सासर म्हणायला मोकळं, हिनेच आणलं, कारण पहिलं नाव तिचंच कागदावर येतं.

तिथे चंदा आली. तेवीस वर्षांची, सातवा महिना, कडेवर तीन वर्षांची मुलगी. माहेर केनवडच्या पुढच्या एका खेड्यात. नवरा गजानन पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर, म्हणून ती या खेपेला सुरुवातीपासूनच माहेरी राहिलेली. तिसऱ्या महिन्यात तपासली तेव्हा निगेटिव्ह होती. नवरा त्यानंतर होळीला येऊन गेला होता. बोलता बोलता ती सहज म्हणाली की होळीला आला तेव्हा त्याच्या बरगडीवर नागीण उठली होती, गावातल्या एकाने मंत्र घालून उतरवली, आणि तो जरा वाळल्यासारखाही दिसत होता.

वर्षाने माझ्याकडे पाहिलं आणि मी वर्षाकडे. नागीण कुणालाही होते. पण अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट माणसाला नागीण झाली की जुन्या नर्सच्या मनात येतं, याची प्रतिकारशक्ती का घटली. तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही, म्हणून वर्षा तिला एवढंच म्हणाली की तुझी तपासणी पुन्हा करू, आणि या वेळी दोघं मिळून या. चंदाच्या चेहऱ्यावरून तिला बरंच काही कळलं असावं असं मला वाटलं. ती म्हणाली, "ते उद्या धोंड्याले येऊन राह्यले. पन घरी त्याइले कोन म्हनन? बाबा तं जवायाच्या चपला बी सोता उचलून ठेवते."

"मग आम्ही येतो," वर्षा म्हणाली.

केनवडच्या पुढे

तिसऱ्या दिवशी स्कूटीवरून निघालो. मालेगावपाशी, म्हणजे नाशिकच्या नव्हे, इकडच्या, मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याच्या ताडपत्रीखाली बसलो, त्याने माठातलं पाणी दिलं आणि वर्षाला ओळखून म्हणाला, "तुमी रगतवाल्या मॅडम न?" त्याची बायकोही गरोदर होती. तुझी तपासणी केलीस का, असं वर्षाने विचारल्यावर त्याने ऐटीत मोबाईल काढला आणि बायकोच्या रिपोर्टचा फोटो दाखवला. निगेटिव्ह. तिचं ते आपलंच, असा हिशोब. वर्षा म्हणाली, इकडे हे असंच आहे. बायकोचा रिपोर्ट आला की नवरा पहिला फोन करतो तो 'फोटो टाक' म्हणून, आणि मग तोच फोटो स्वतःचा दाखला म्हणून फिरवतो. मी त्याला म्हटलं, बायकोने उपास केला तर तुझं पोट कमी होतं का? तो हसला. चाक मात्र त्याने चोख बसवून दिलं.

केनवडला बाजारात थांबून आंबे घेतले. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नांगरलेली काळी रानं, त्यात मोठमोठी ढेकळं, मध्येच विहिरीच्या पाण्यावर जगवलेला एखादा हिरवा तुकडा. असाच एक तुकडा चंदाच्या वडिलांचा, संपतरावांचा. वांगी, सांभार, थोडी हळद. सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. मी ते डोशाबरोबरचं समजले आणि बराच वेळ कुणाला काही विचारलं नाही.

जावई यायला अवकाश होता, म्हणून वर्षाने संपतरावांजवळ विषय काढला. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि हात जोडले. "मॅडम, जवायाले रगत दे म्हनलं तं तो म्हनन, सासरा माह्यावर शक घेऊन राह्यला. उद्या त्यानं पोरीले आनून टाकलं तं मी काय करू? तिचं पोट पाहा न तुमी."

मी म्हटलं, पोटच पाहतोय आम्ही. लेक परत पाठवतील, या एका धाकाने किती बापांची तोंडं शिवली आहेत कोण जाणे. हा धाक कुणी कधी बोलून दाखवत नाही, तरी तो जावयाच्या आधी घरात येऊन बसलेला असतो.

गजानन आला. उंच, खांदे रुंद पण शर्ट अंगावर सैल झालेला. स्वभावाने वाईट मुळीच वाटला नाही. आल्या आल्या मुलीला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरला. मग दोघांना पाटावर बसवलं आणि संपतरावांनी तांब्याच्या ताटात जावयाचे पाय धुतले. लक्ष्मी-नारायण म्हणून लेकीचेही धुतले, पण तिचे पटकन आणि त्याचे सावकाश. सासूने पदराने पुसले. साठीला आलेला माणूस, आयुष्यभर वांग्याच्या वाफ्यात वाकलेला, आणि इथेही वाकलेलाच. माझ्या डोक्यात सणक गेली.

जेवण मात्र असं की सांगता सोय नाही. पुरण भरून वाफवलेले धोंडे, फोडून त्यात तूप. आमरस, तळलेल्या कुरडया, पातोडीची रस्सेदार भाजी, वांग्याचं भरीत. धोंडे जावयाला आग्रहावर आग्रह करून वाढत होते. शेजारपाजारचे चार पुरुष आणि चंदाचा चुलतभाऊ पंगतीला होते. वर्षाचा बेत होता जेवणं झाल्यावर त्याला बाजूला घेऊन बोलायचा. तो बेत माझ्यामुळे फसला.

कुणीतरी म्हणालं, जावई वाळले, आणि सासूने आणखी एक धोंडा त्याच्या ताटात घातला. माझा तोल गेला. मी म्हटलं, "जावईबुवा, पाय धुऊन घेतलेत, धोंडे खाल्लेत. आता बोटावरचा एक थेंब रक्त बायकोसाठी द्यायला काय जातं तुमचं?"

त्याला आधी कळलंच नाही. वर्षाने सावरून हळू आवाजात थोडक्यात सांगितलं. मग त्याने डाव्या हाताने खिशातून मोबाईल काढला आणि मला फोटो दाखवला. "हे पाहा. निगेटिव हाये. तिचं तेच माहं."

"तिला ताप आला की गोळी तुम्ही घेता का?" मी म्हटलं.

चुलतभाऊ फस्सकन हसला. त्याच्यामागून पंगतही हसली. सासुरवाडीत, धोंड्याच्या दिवशी, जावयाला हसले. गजाननने ताटात हात धुतला आणि उठून बाहेर गेला.

सासू डोळ्याला पदर लावून बसली. संपतरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. वर्षा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, तू बोललीस ते खरं होतं. पण तो आता पुण्याला निघून गेला, तर त्या बाईचं काय करायचं ते तूच सांग." आजवर मी रागाच्या भरात बरंच बोलले आहे आणि बहुतेक वेळा मला त्याचा अभिमानच वाटला आहे. त्या दिवशी वाटला नाही.

चंदा उठली. एका वाटीत दोन धोंडे आणि तूप घेतलं आणि एक हात कमरेवर ठेवून मागच्या गोठ्याकडे गेली. मधे तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा कूड, त्यामुळे आम्हांला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, त्या म्हातारीनं माझी इज्जत काढली. म्हातारी म्हणजे मी. चंदाने माझी बाजू घेतली नाही आणि त्याचीही नाही.

"मी उद्या दवाखान्यात जातो," ती म्हणाली. विदर्भातल्या बाया 'जातो, करतो'च म्हणतात. मला ते ऐकायला फार आवडलं. "तुमी या, नाहीतं नका येऊ. पन माह्या रिपोर्टाचा फोटो आता मी तुमाले देनार नाही. ते माहं रगत हाये. तुमचं तुमी दाखवा. ह्या पोटातल्याले दोघाइचं लागते."

मग बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली आणि तो म्हणाला, "तूप जास्त घातलं तू."

पुन्हा दवाखाना

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या आत दोघं आली. मागोमाग संपतरावही आले, एसटीने. घरी राहवलं नसावं. गजानन फाटकाशी घुटमळत होता. वर्षाने स्वतः बाहेर जाऊन त्याला आत आणलं, आपल्या खोलीत खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. आधी दोघांना एकत्र, मग एकेकाला. आत काय झालं ते मला सांगायचा वर्षाला अधिकार नाही आणि तिने सांगितलंही नाही. मी व्हरांड्यातल्या बाकावर चंदाच्या मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. पोरगी माझ्या घड्याळाशी खेळत होती. संपतराव आवारातल्या कडुलिंबाखाली उकिडवे बसून होते.

दीडेक तासाने गजानन बाहेर आला आणि माझ्याच बाकावर येऊन बसला. दुसरी जागा नव्हती. थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाला, "मले निंगाला. तिले नाही."

चौतीस वर्षांच्या सवयीने मी बोलायला लागले. तिची तपासणी बाळंतपणाआधी पुन्हा करायची, आज निगेटिव्ह आहे म्हणून हयगय नको. तोवर आणि नंतरही निरोध. तुझी गोळी वाशीमला फुकट मिळते, रोज घ्यायची, चुकवायची नाही. नेमाने घेतलीस तर विषाणू दबून राहतो, बायकोला जात नाही, तू म्हातारा होशील. लेकराला यातलं काही होऊ द्यायचं नाही आणि तेवढा वेळ अजून आपल्या हातात आहे. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. कडुलिंबाकडे पाहत होता.

"पयल्या पोरीच्या टायमाले मी गावातच होतो," तो म्हणाला. "हिच्यासंगं दर खेपेले आलो. मजुरी पाडून. तिथंच बसत जाओ, त्या झाडाखाली, आमचे मामा बसले तिथं." मामा म्हणजे सासरा. "एक डाव आत आल्तो, हिले चक्कर आली म्हनून. तं सिस्टरनं हाकललं. म्हने, बाप्याचं इथं काय काम. मंग नाही आलो आत. तवा कोनी बलावलं असतं, ह्या बिमारीच्या दोन गोष्टी सांगतल्या असत्या, तं मी तिकडं पुन्याले संभाळून राह्यलो असतो. तवा मले नसनच. मले काहून नाही बलावलं कोनी?"

चार दिवस मी ज्या नवऱ्यांवर जळफळत होते, त्यातला एक नऊ महिने त्या झाडाखाली बसला होता. न बोलावता आला होता. आणि आम्ही त्याच्या बायकोच्या कार्डावर 'पती बाहेरगावी' लिहायला मोकळ्या.

सांगलीला माझ्या वॉर्डाच्या दारात मी कमरेवर हात ठेवून उभी राहत असे. "पुरुषमंडळी बाहेर," अशी माझी आरोळी जिन्यापर्यंत जायची. नव्या मुली माझी नक्कल करायच्या. निरोप समारंभात एकीने ती करून दाखवली, सगळे पोट धरून हसले, मीही हसले. ती बाहेर काढलेली माणसं कुठे जाऊन बसत असतील, त्यांना काही सांगायला हवं होतं का, हे मला चौतीस वर्षांत एकदाही सुचलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

त्याला वाटलं, मी कालच्या पंगतीबद्दल बोलते आहे. "जाऊ द्या मावशी," तो म्हणाला. "कालचं काल गेलं."

"कालचं नाही म्हणत. तुला हाकललं ना, तशी सिस्टर मीच होते. तिकडे सांगलीला. रोज हाकलायचे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग वाकून माझ्या मांडीवरची आपली मुलगी उचलून घेतली.